कालव्यावरचं डावं वळण

जरा कल्पना कर. तू एका जुन्या मोटारीत मागच्या बाकावर बसला आहेस. मांडीवर थर्मास आहे, त्यात बर्फ आणि बर्फात देवीच्या लशीच्या काचेच्या नळ्या. थर्मास सोडायचा नाही असं तुला बजावलं आहे, म्हणून हातानं दुसरं काही धरता येत नाही. उजव्या अंगाला काठोकाठ भरलेला कालवा. समोर रस्ता डावीकडे वळतो. आता सांग, गाडी वळली की तुझं अंग कुठल्या बाजूला जाईल?

उजवीकडे. बरोबर. हे तुला कुणी शिकवलेलं नाही, तुझ्या अंगालाच ते ठाऊक आहे. पण अंगाबरोबर गाडीही उजवीकडे कलते. चाकांवर पोलादाच्या पट्ट्या एकीवर एक रचून धनुष्यासारखी कमान केलेली असते, तिला पाटे म्हणतात. उजवीकडचे पाटे दबतात, डावीकडचे सैल होतात. थोडं कलणं चालतं. फार कललं तर काय होतं, ते राजमनं अठ्ठावन्न साली पोंगलच्या आधीच्या शनिवारी पाहिलं.

राजम अकरा वर्षांची होती. तंजावरच्या राजवाड्यामागच्या बोळात तिचं घर. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत ती रोज भांडत असे. तिची अत्या नागलक्ष्मी डॉक्टर होती. दर शनिवारी अत्या स्वतः गाडी हाकत ओरत्तनाडूच्या पुढच्या खेड्यांत जायची, पोरांना लस टोचायची, अडलेल्या बायकांना तंजावरच्या इस्पितळात आणायची. राजम थर्मास सांभाळायला बरोबर असे. गाडी तिच्या अजोबांची, बाळकृष्णराव वकिलांची. ती युद्धाच्या आधी आगबोटीनं आली होती आणि तिला तिच्या वयाचा फार अभिमान होता, असं अत्या म्हणायची.

त्या शनिवारी कीळपट्टी गावाहून कमलाक्षी नावाची दिवस भरलेली बाई मागच्या बाकावर होती. कालव्याच्या वळणावर गाडी कलली, कमलाक्षी राजमच्या अंगावर आली, आणि मग गाडीचं बूडच बाहेर सरकलं. मागचं उजवं चाक बांधाच्या मऊ मातीत जाऊन थांबलं. शेतात भात कापणारी माणसं धावत आली आणि त्यांनी गाडी उचलून रस्त्यावर ठेवली. नळी एकही फुटली नाही. कमलाक्षीला संध्याकाळी इस्पितळात मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण तंजावरात बातमी मोटारीपेक्षा जोरात पळते. दुसऱ्या दिवशी सकाळी राजमचे वडील पेपर न उघडताच बसले होते.

त्यांचं नाव रघुपतीराव. कॉलेजात गणित शिकवत. अत्या त्यांची धाकटी बहीण, ती त्यांना अण्णा म्हणे, म्हणून राजमही अण्णाच म्हणे.

"नागू, पुरे झालं," अण्णा म्हणाले. "गाडी आजपासून उभी."

"आणि शनिवार?"

"बस आहे की ओरत्तनाडूपर्यंत."

"ओरत्तनाडूच्या पुढं काय करू? अडलेल्या बाईला खांद्यावर घेऊन चालू? तू येतोस का दुसऱ्या बाजूनं धरायला?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोन आठवडे देतो. येता शनिवार सोडून पुढच्या शनिवारी मी स्वतः मागं बसेन. दोन्ही हात गुडघ्यांवर. त्या वळणावर मला दाराला हात टेकावा लागला, तर ही गाडी पुन्हा दारातून निघायची नाही. सरी?"

"सरी, कबूल," अत्या म्हणाली.

राजमला कळलं की हे बोलणं तिच्यादेखत झालं ते बरं झालं. आता कुणाला शब्द फिरवता यायचा नाही.

सेतुराममामांची शेड राजवाड्याच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होती. युद्धात त्यांनी लष्कराचे ट्रक दुरुस्त केले होते आणि तेव्हापासून त्यांना लहान गाड्या म्हणजे खेळणी वाटत. ते गाडीभोवती एक फेरी मारून मागं उभे राहिले.

"बूड बसलंय हिचं. वजन सगळं मागं, मग बूड बसेल नाही तर काय नाचेल? मागच्या पाट्यांत दोन दोन पट्ट्या वाढवतो."

त्यांनी वाढवल्या. दोन दिवसांत गाडीचं बूड असं वर आलं की जणू पाय दुमडून उडी मारायच्या तयारीत आहे. मागच्या बाकावर भाताची चार पोती टाकून ते आणि राजम मागच्या मैदानात गेले. सरळ जाताना गाडी झकास चालली. मग मामांनी डावीकडे गोल फेरी घेतली.

"सरकलं," राजम म्हणाली. ती कडेला उभी होती.

"काही सरकलं नाही. मी चाक धरून बसलोय, मला कळतं."

"मी बघत उभी होते, मला दिसतं."

"अगो, तुझं नाक पुसून झालं का आधी?"

राजमनं नाक पुसलं आणि घरी पळाली. स्वयंपाक करणाऱ्या वेंकूबाईंनी दारातल्या रांगोळीचं, म्हणजे कोलमचं, तांदळाचं पीठ डब्यात भरून ठेवलं होतं. राजमनं अख्खा डबाच उचलला.

"अय्यो! मोटारीपुढं कोलम? तिचं लग्न ठरलंय का?" वेंकूबाई दारापर्यंत ओरडत आल्या.

राजमनं मैदानात गाडी जिथून वळत होती, तिथं पिठाचे सात आडवे पट्टे पसरले, हातभर रुंद. "आता घ्या फेरी, मामा. मघासारखीच. जोरात नको, हळूही नको."

हे तू घरी चार चाकांच्या खेळण्यावर करून बघू शकतोस. चाकं ओली कर, पुढची चाकं वळवून ठेव आणि फरशीवर हळू ओढ. मागची चाकं पुढच्यांच्या रेघेवरून जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूनं जातात. गाडी शहाण्यासारखी वळत असेल तर असंच व्हायला हवं. बूड सरकत असेल तर मागच्या चाकांच्या रेघा पुढच्यांच्या बाहेर पडतात.

मामा उतरून आले. पहिल्या दोन पट्ट्यांवर मागच्या रेघा आत होत्या. तिसऱ्यावर त्या पुढच्यांना भेटल्या. चौथ्यापासून बाहेर, आणि सहाव्यावर वीतभर बाहेर. मामा तिथंच उकिडवे बसले.

"दोन दिवस घाम गाळला," ते म्हणाले, "आणि बिघडवली."

असं का झालं, ते त्यांनी राजमला खाट दाखवून समजावलं. दोघांनी खाट उचलली, एकानं खांदा ताठ धरला आणि दुसऱ्यानं ढिला सोडला, तर खाट कलताना तिला सावरायचा भार ताठ खांद्यावर येतो. मग पायही त्याचाच आधी घसरतो. गाडीचं मागचं टोक ताठ झालं होतं, पुढचं ढिलंच होतं. वळणावर सगळा भार मागच्या बाहेरच्या चाकावर आला आणि त्याचाच पाय घसरला.

"मग पुढचं टोक ताठ करू," राजम म्हणाली.

"करू. मागच्या पट्ट्या काढू, पुढं पट्ट्या घालू, धक्के जिरवणाऱ्या कात्र्या आवळू, सगळं आजच..."

"एकदम नको," मागून आवाज आला. अत्या इस्पितळातून परस्पर आली होती. "रोग्याला चार औषधं एकदम दिली आणि तो बरा झाला, तर कशानं झाला ते कळत नाही. बरा नाही झाला तर मग काहीच कळत नाही. एक करा, पीठ टाका, बघा. मग दुसरं."

"आणि पिठाचं वेंकूबाईंना कोण सांगणार?" मामांनी विचारलं.

"ते मात्र राजम सांगेल," अत्या म्हणाली.

पोंगल होऊन गेला. जादा पट्ट्या निघाल्या. बूड पुन्हा खाली आलं आणि सरकणं कमी झालं, पण गेलं नाही. डाव्या वळणावर गाडी पूर्वीसारखीच कलत होती. उजव्या वळणावर मात्र तेवढी कलत नव्हती. हे राजमला खटकलं. दोन्हीकडे सारखीच चाकं, सारखेच पाटे, मग एका वळणावर एक आणि दुसऱ्या वळणावर दुसरं का?

तिनं नारळाच्या झावळीचे हीर घेतले. चारही चाकांशी एकेक हीर जमिनीवर उभा धरला आणि चाकावरच्या पत्र्याच्या कडेला तो लागला तिथं मोडला. मग चारही हीर ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. पुढचा उजवा हीर पुढच्या डाव्यापेक्षा दोन बोटं तोकडा होता. गाडी उभी असतानाच उजव्या खांद्यावर कलली होती. त्यात डावं वळण घेतलं की आणखी उजवीकडे, म्हणजे कालव्याकडे.

"उजवाच का दबला?" मामांनी विचारलं. ते स्वतःलाच विचारत होते.

राजम गाडीत डोकावली. उजवीकडे हाकायचं चाक, तिथं अत्या बसते. डावीकडची पुढची जागा रिकामी. नाही, रिकामी नव्हती. तिच्यावर जरीकाठी अंगवस्त्र घडी घालून ठेवलेलं होतं. अजोबा गेले तेव्हापासून ते तिथंच होतं. अजोबा त्या जागेवर बसायचे, म्हणून नऊ वर्षं तिथं कुणी बसलं नव्हतं. पाहुणे, रोगी, त्यांच्या सासवा, औषधाच्या पेट्या, सगळं मागं. पुढं एकटी अत्या, उजवीकडे.

"मामा, पोती मागं टाकलीत, तेव्हा एखादं पुढं का नाही ठेवलं?"

मामा दचकले. "तिथं? वकीलसाहेबांच्या जागेवर भाताचं पोतं?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते कपाळाला हात लावून हसू लागले. "चाळीस वर्षं गाड्या खोलतोय. ही शेडमध्ये आली त्या दिवशी त्या जागेला नमस्कार केला आणि पलीकडनं वळसा घालून आलो बघ. तिकडं बघितलंच नाही."

हे आता अण्णांना सांगायचं होतं. अंगवस्त्र त्यांनीच ठेवलं होतं.

वेंकूबाई वाढत होत्या, तेव्हा राजमनं विषय काढला. त्यांच्या हातातला डाव थांबला. अजोबांना घरात सगळे अप्पा म्हणत. "अगो, तिथं अप्पा बसतात!"

"नऊ वर्षं झाली," अत्या म्हणाली. "एवढ्या खड्ड्यांतून अप्पा बसून राहिले असतील असं वाटत नाही. केव्हाच उतरून चालत गेले असतील."

अण्णा हसले नाहीत. ते हात धुऊन उठले आणि राजमला म्हणाले, "हीर कुठं आहेत तुझे?"

तिनं दाखवले. अण्णांनी ते नुसते पाहिले नाहीत. ते फूटपट्टी घेऊन शेडवर गेले आणि चारही चाकांशी वाकून स्वतः मोजलं. मग जागेवरून अंगवस्त्र उचललं आणि तिथं राजमला बसवून पुन्हा मोजलं. मामांनाही बसवून मोजलं. शेवटी त्यांनी अंगवस्त्राची घडी पुन्हा नीट केली.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले आणि घरी परतले. अंगवस्त्र त्यांनी देवघराच्या कपाटात ठेवलं.  पण गाडी दुरुस्त झाली असं ते म्हणाले नाहीत. दिलेली मुदत तीच होती.

मधल्या शनिवारी अत्या बसनं गेली. ओरत्तनाडूपासून कीळपट्टीपर्यंत ती बैलगाडीनं पोचली, पण पुढच्या मेलपट्टीला जायला वेळ उरला नाही. तिथल्या बायका कडेवर पोरं घेऊन दुपारपर्यंत झाडाखाली थांबल्या आणि परत गेल्या. त्यांतल्या दोघींनी निरोप पाठवला की डॉक्टरीण यायची नसेल तर तसं सांगावं, आम्ही कापणीची मजुरी बुडवून बसतो. अत्यानं तो निरोप जेवताना सांगितला आणि पुढं जेवली नाही.

राजम दुसऱ्या दिवशी उजाडताच शेडवर हजर झाली. त्यानंतर रोज, शाळेआधी आणि शाळेनंतर.

पुढचे दोन्ही पाटे काढून लोहाराकडे गेले. लोहारानं ते तापवून एकाच मापाची कमान दिली आणि तेलात बुडवून ते कडक केले. बसवल्यावर राजमनं नवे हीर लावले. पुढचे दोन्ही सारखे. पीठ टाकलं. मागच्या रेघा आता पाचव्या पट्ट्यावर बाहेर पडत होत्या, पण चारच बोटं.

मग कात्र्या. प्रत्येक चाकाशी कात्रीसारखे दोन पोलादी हात असतात आणि त्यांच्यामध्ये लाकडाच्या चकत्या. पाटा धक्का खाऊन उसळला की चकत्या एकमेकींवर घासतात आणि उसळी जिरते. चकत्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मामांनी नव्या घातल्या आणि चारही बोल्ट सारखे आवळले. सारखे कसे, ते राजमनं विचारलंच. मामांनी पान्याच्या टोकाला ठरावीक वजन टांगून दाखवलं. वजन खाली यायचं थांबेल तिथं थांबायचं. पीठ टाकलं. तीन बोटं.

"आता?" राजमनं विचारलं. गुरुवार होता.

"आता माझ्याजवळचं संपलं," मामा म्हणाले.

दोघं शेडच्या पायरीवर बसले. समोर विहिरीवर दोन बायका नऊवारी पिळत होत्या. एक टोक एकीच्या हातात, दुसरं दुसरीच्या. एकीनं पीळ दिला की दुसरीच्या मनगटाला ओढ बसायची. मामा त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिले की एक बाई म्हणाली, "सेतुरामराव, तुमचं धोतरही आणा, पिळून देतो."

मामा उठले आणि भंगारात शिरले. लष्करी ट्रकचा एक लांब पोलादी दांडा घेऊन बाहेर आले. "हे बघ, राजम. याची दोन्ही टोकं लोहाराकडून काटकोनात वाकवायची. मधला दांडा गाडीच्या सांगाड्याला बांधायचा, पण असा की त्याला फिरता येईल. एक टोक उजव्या चाकाजवळ, एक डाव्या चाकाजवळ. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर दांडा नुसता फिरेल. पण गाडी एका बाजूला कलली तर..."

"पीळ बसेल," राजम म्हणाली. "आणि त्याला पीळ नको असेल, म्हणून तो गाडीला कलू देणार नाही."

"पुढच्या बाजूला लावू. म्हणजे पुढचा खांदा ताठ होईल आणि मागच्यावरचा भार उतरेल."

शुक्रवारी संध्याकाळी दांडा बसला. उजेड होता तेवढ्यात राजमनं उरलेलं पीठ टाकलं. सात पट्टे. सातही पट्ट्यांवर मागच्या रेघा आत. तिनं दोनदा मोजलं. मग मामांना म्हणाली, "पुन्हा एकदा. उजवीकडूनही."

शनिवारी सकाळी अण्णा मागं बसले, शेजारी भाताची दोन पोती. पुढं डावीकडे राजम, मांडीवर थर्मास.

"मामा, तुम्ही?" अत्यानं विचारलं.

"मी नाही येत. मी बसलो की गाडी माझ्या भीतीनं नीट वागते. परीक्षा खरी व्हायला हवी."

कालव्याचं वळण आलं. जाताना ते उजवं पडतं. अत्या ते ओलांडून पुढं गेली, गाडी वळवली आणि परत वळणाकडे आली. आता ते डावं होतं, उजव्या हाताला पाणी. तिनं वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. रोजचाच ठेवला.

राजमला मागं वळून बघायचं होतं. पण ती समोर बघत राहिली आणि अंगाकडे लक्ष दिलं. गाडी कलली, थोडीशी, आणि तिथंच थांबली. बूड मागोमाग आलं, गाईमागून वासरू येतं तसं. वळण संपलं.

अत्यानं गाडी थांबवली. 

"हात?" अत्यानं विचारलं.

"गुडघ्यांवर," अण्णा म्हणाले. "घामेजलेत, पण गुडघ्यांवर आहेत." मग घसा साफ करून म्हणाले, "वळव गाडी. उगाच उशीर होतोय."

कीळपट्टीच्या वेशीत एक माणूस हात हलवत समोरून पळत आला. त्याच्या बायकोला पहाटेपासून कळा येत होत्या आणि सुईणीनं हात टेकले होते. अत्या धावत घरात गेली आणि तेवढ्याच वेगानं बाहेर आली. "मूल आडवं आहे. इस्पितळात न्यायला हवं, आत्ताच."

अण्णांनी पोती एकट्यानं खाली ओढली, राजम थर्मास घेऊन उतरली. बाईला मागच्या बाकावर निजवलं, तिच्या पायाशी नवरा बसला. तिची आई गाडीजवळ येऊन घुटमळली. मागं जागा नव्हती आणि पुढं डॉक्टरणीच्या शेजारी बसायला ती धजत नव्हती.

अण्णांनी पुढचं डावं दार उघडून धरलं. "बसा, आई. ती जागा बसायचीच आहे. तुम्ही बसलात तर गाडी नीट चालेल."

म्हातारी बसली. अत्यानं एकदा भावाकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि दार लावलं.

"दुपारपर्यंत परत येते," अत्या खिडकीतून ओरडली आणि गाडी धूळ उडवत निघाली.

अण्णा दोन पोत्यांपैकी एकावर बसले आणि पंच्यानं मान पुसू लागले. "आता आपण इथंच थांबू. सावली आहे." उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी वर पाहिलं.

मेलपट्टी तिथून दोन मैल होती. तिथं झाडाखाली आत्ता बायका जमत असतील आणि दुपारी पुन्हा उठून जातील, कारण डॉक्टरीण येणार आहे हे त्यांना सांगायला कुणीच नव्हतं. राजमनं थर्मास वडिलांच्या हातात दिला, परकर गुडघ्यापर्यंत खोचला आणि शेताच्या बांधावरून मेलपट्टीकडे पळत सुटली.